चाचांचा उभा पंप

चाचांच्या गळ्यात दोन चष्मे असायचे. दोन्ही एकाच नंबरचे. खिशात दोन पेनं, कमरेला किल्ल्यांचे दोन जुडगे आणि पावसाळ्यात काखेत एक, पिशवीत एक अशा दोन छत्र्या. ते जहाजावर चीफ इंजिनीअर होते. निवृत्त होऊन रत्नागिरीत राजिवड्याला घरी आले, तरी इंजिनरूम काही त्यांना सोडत नव्हती. "बाय, जहाजावर एक पंप कधी नसतो. एक चालतो, एक उभा असतो. भर दर्यात मेकॅनिक कुठून आणशील?" हे त्यांनी मला माझ्या कॉम्प्युटर क्लासात पहिल्याच दिवशी ऐकवलं आणि पुढे शंभरदा तरी. क्लासातल्या पोरींनी त्यांचं नाव स्टँडबाय चाचा ठेवलं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा रागावायच्याऐवजी ते खूश झाले.

सहासष्टाव्या वर्षी त्यांना टायपिंग शिकायचं होतं, आणि ते हौसेखातर नव्हे. त्यांची बायको लग्नाची गाणी म्हणायची, गावभर तिला बोलावणं असायचं. ती गेली तेव्हा चाचा जहाजावर होते. "एक गाणा लिवून घेतला नाय मी. सगळी घेऊन गेली," असं म्हणून ते चष्मा पुसत बसत. एक पुसून झाला की दुसरा. आता राजिवड्यातले सगळ्यात जुने तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, तेवढे राहिले होते. सगळे त्यांना तांडेलमामू म्हणत. कुठल्या वाऱ्याला काय नाव, पाण्याखाली खडक कुठे, किनाऱ्यावरच्या कुठल्या दोन खुणा एका रेषेत आल्या की जाळं टाकायचं, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. दोन्ही मुलगे आखातात. नव्या लाँचींवर वाट दाखवणारी यंत्रं आलेली. मामूंना विचारायला कोणी येत नव्हतं. हे दुसऱ्यांदा होऊ द्यायचं नाही, असं चाचांनी ठरवलं होतं.

चाचांच्या घरी माडीवर मोठा कॉम्प्युटर होता, पण मामूंना पायऱ्या चढवत नव्हत्या. त्या सुमाराला ते वहीएवढे स्वस्त लॅपटॉप नवे नवे आले होते. चाचांच्या मुलाने दुबईहून एक पाठवला. मी बघितला आणि हसले. "चाचा, हे खेळणं आहे." इंजिनाचे नटबोल्ट पिळून जाड झालेल्या त्यांच्या बोटाखाली एकदम दोन बटणं दबायची. जागा तर इतकी कमी, की मामूंचा आवाज रेकॉर्ड करायचा, त्याच संध्याकाळी एका बोटाने टाइप करायचा आणि रेकॉर्डिंग पुसून टाकायचं. चाचा शांतपणे म्हणाले, "लाइफबोटीत कोण कॅप्टनची केबिन मागतो काय गो?"

आणि खेळणं कामाला आलं. मी एकदा त्यांच्याबरोबर मामूंच्या पडवीत गेले होते. मामू त्याला पाटी म्हणत. "काढलीस पाटी? मंग लिव," म्हणून डोळे मिटून सांगायला लागत. मोठ्या मशीनसमोर त्यांनी तोंड उघडलं नसतं. त्या दिवशी मी माझे शब्द मनातल्या मनात मागे घेतले. चाचांसमोर कबूल मात्र केलं नाही, तो माझा स्वभाव नाही.

चाचांची एक गोष्ट मला पटत नसे. जहाजावर चालता पंप आणि उभा पंप यांची ठरावीक दिवसांनी अदलाबदल करतात, नाहीतर उभा गंजतो. तोच नियम त्यांनी इथे लावला. एक आठवडा मोठ्यावर काम, एक आठवडा छोट्यावर. दर शुक्रवारी नमाजानंतर एकावरची 'दर्या' नावाची फाइल दुसऱ्यावर चढवायची. वर्षभराच्या कॅलेंडरवर त्यांनी आधीच बाण काढून ठेवले होते, कुठल्या शुक्रवारी कुठून कुठे. मी म्हटलं, अहो, छोटं बाहेर न्यायला ठेवा, मोठं घरात, कशाला हा खटाटोप? ते म्हणाले, "बाय, गंजलेला पंप बुडताना कळतो."

दर शुक्रवारी मला फोन. "बाय, हा विचारतंय, जुनी फाइल बदलू काय? दोन तारखा दाखवतंय. वाचू?" ते तारखा वाचत, मी हो म्हणत असे. आठ-दहा शुक्रवार असे गेले. एका शुक्रवारी क्लासात पंधरा पोरं, दोन मशीनं बंद पडलेली आणि वर चाचांचा फोन. मी वैतागून म्हटलं, "चाचा, दर वेळी काय विचारता? त्याने विचारलं की डोळे मिटून 'येस' दाबायचं. कळलं?" ते म्हणाले, "कळला." मग फोन बंद झाले. मला तर सुटल्यासारखं वाटलं.

गणपतीच्या सुमाराला मामू अंथरुणाला खिळले. चाचा महिनाभर रोज त्यांच्या उशाशी, छोटं मशीन मांडीवर. तोवर कुणालाही न सांगितलेल्या खुणा मामू आता सांगत होते. अदलाबदल राहून गेली. मामू गेले, त्यांना माती दिली, आणि नंतरच्या शुक्रवारी चाचा कामाला बसले. कॅलेंडरवर बाण होता, मोठ्यावरून छोट्यावर. चीफ इंजिनीअर लिहिलेलं पाळतो. त्यांनी महिन्यापूर्वीची फाइल छोट्यावर चढवली. मशीनने विचारलं, तारखाही दाखवल्या. चाचांनी येस दाबलं, आणि मामूंचं महिनाभराचं सांगणं पुसलं गेलं.

ते क्लासात आले तेव्हा गळ्यात एकच चष्मा होता. मी तीन दिवस त्या मशीनशी झटले, ओळखीच्या दोघांना दाखवलं. काही हाती लागलं नाही. मी काहीतरी बोलणार तोच ते म्हणाले, "मशीनची चूक नाय. त्यानं विचारलेला." माझं नाव त्यांनी काढलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. माझं ते 'डोळे मिटून येस' त्यांच्या लक्षात होतं की नव्हतं, हे विचारायचा धीर मला झाला नाही.

पुढे ते आठवून लिहायला बसत. एकच खूण, आज म्हणत मिनार, उद्या म्हणत माड. कुणाला विचारायचं? मामूंच्या मुलांना फोन लावला, तर ते म्हणाले, आम्हाला काय ठाऊक, आम्ही कधी होडीत बसलो? चाचा हळूहळू बोलायचे कमी झाले. दोन वर्षांनी गेले.

त्यांच्या मुलाने दोन्ही मशीनं मला आणून दिली. "अब्बा म्हणत, बायला द्या, ती बघेल." मी छोटं उघडलं. बटणांवरची अक्षरं पुसली होती. फाइलची शेवटची ओळ होती, 'देवळाचा कळस आणि मिनार एका रेषेत आले, की त्याच्या बाहेर'. पुढे काही नव्हतं.

मग मी मोठं लावलं. तिथेही तीच फाइल, तीच तारीख, 'बाहेर'पाशीच थांबलेली. जाण्याआधीच्या शेवटच्या शुक्रवारीसुद्धा चाचांनी अदलाबदल चुकवली नव्हती.