पाचच्या आत

डांबरगोळ्यांचा वास आला की अजूनही माझा उजवा हात आपसूक कमरेकडे जातो, जिथे इतकी वर्षं किल्ल्यांचा जुडगा खोचलेला असे. शहराबाहेरच्या एका खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या कचेरीत मी नोकरी केली आणि तिथलं हिरवं लोखंडी कपाट माझ्या ताब्यात होतं. दुपारी तीनच्या सुमारास झरोक्यातून उन्हाची एक तिरीप येऊन नेमकी त्याच्या कडीवर पडे, आणि बाहेरचा कडुनिंब मोहरलेला असला तर त्याचा कडवट गोड गंध डांबरगोळ्यांच्या उग्र दर्पात मिसळून साऱ्या खोलीभर रेंगाळत राही. कपाटात फक्त कागद होते. मुलांच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, पदव्या, सगळ्या मूळ प्रती.

आमच्याकडे तशी रीतच होती. गरीब घरातल्या मुलांची फी सरकारकडून येई, पण ती यायला कधी वर्ष लागे, कधी दोन, आणि तोवर मुलांचे मूळ कागद कॉलेजने ठेवून घ्यायचे. मुलं शिकून बाहेर पडत, कागद आतच राहत. पोरं त्या कपाटाला ‘जेल’ म्हणत आणि मला ‘जेलर मॅडम’. खोटं कशाला बोलू, मला त्याचं हसू येई आणि थोडा अभिमानही वाटे. आमच्या घरात तीन पिढ्या सरकारी नोकरीत मुरलेल्या. हिमायतनगरच्या आमच्या गल्लीत वडील कचेरीला निघाले की शेजारी आपली घड्याळं लावून घेत, आणि त्या वक्तशीरपणाचा वारसा मी एखाद्या दागिन्यासारखा मिरवत असे. कपाटात माणसांची उमेदीची वर्षं गहाण पडली आहेत आणि मी त्या सावकाराची दिवाणजी आहे, हे तेव्हा माझ्या मनाला शिवलंही नाही.

रेणुका त्या मुलांतलीच एक, शहरातल्या अंबरपेठची. वडील शिंपी, घरात मराठी, पण बोलताना निम्मी दखनी नि तेलुगू. पदवी मिळून आठेक महिने झाले होते, तिची फी अजून आलेली नव्हती. वह्या-पुस्तकं, बसभाडं आणि परीक्षा यांसाठी वडिलांनी काढलेलं कर्ज मात्र थांबायला तयार नव्हतं. ती आली त्या दुपारी तिच्या नखांत शिंपीकामाच्या निळ्या खडूचा रंग होता. एका कंपनीने तिला निवडलं होतं, मूळ कागद दाखवले की नोकरी पक्की, आणि त्यासाठी तो एकच दिवस उरला होता.

“फकत दाखवून परत आणते मॅडम. हौ म्हणा ना.”

फी येईपर्यंत कागद कपाटाबाहेर काढायचे नाहीत, असा प्राचार्यांचा सक्त हुकूम होता. तोवरच्या साऱ्या नोकरीत मी मोडलेला नियम तो एवढाच. तिची फाइल काढून हातात दिली आणि म्हणाले, “पाचच्या आत. पाच म्हणजे पाच.” कारण पाचला फाइलींची मोजदाद होऊन किल्ली प्राचार्यांच्या खोलीत जमा व्हायची.

वैशाखातलं ऊन होतं. टेकाडावरचे काळे खडक तापून त्यांच्यावरची हवा थरथरत होती. पाचला वीस मिनिटं असताना ती दारात उभी राहिली. ओढणी डोक्यावर घ्यायचं सोडून तिने ती फाइलीभोवती गुंडाळली होती, आणि चेहरा उन्हाने नुसता लाल झाला होता. मी आधी घड्याळाकडे पाहिलं. मग फाइल घेतली, कागद मोजले, जागच्या जागी ठेवले आणि कडी घातली. “शहाणी माझी बाई ती! याला म्हणतात शब्द,” असं म्हणून माठातलं पाणी तिला दिलं. ती पाणी प्यायली आणि गेली. काम झालं का, हे मी विचारलं नाही.

ती भेटली ती थेट दिवाळीच्या तोंडावर, आमच्या हिमायतनगरातल्याच एका साड्यांच्या दुकानात. नव्या कापडाच्या खळीचा तो कोरा वास, पंख्याखाली हलणारे पदर, आणि त्या रंगांच्या गर्दीत साडीची घडी घालणारी रेणुका. मी कौतुकाने विचारलं, “सुट्टीच्या दिवशी इथे काम करतेस होय?” ती हसली. तिच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता, आणि तेच मला अजून सोसत नाही. कंपनीवाल्यांना कागद तपासायला तीन दिवस ठेवून घ्यायचे होते. तिने नाही म्हटलं आणि कागद उचलून बस पकडली. ती जागा दुसऱ्याला गेली.

“अगं, मला फोन का नाही केलास?”

“तुमाला पाचचं बोलून आलते ना मॅडम. तुमच्या नोकरीवर आलं असतं.”

मी काहीही न घेता बाहेर पडले. रस्त्यावर पणत्यांचे ढीग लागले होते, सीताफळांच्या गाड्यांवरून गोड वास येत होता, आणि मी भर बाजारात पदराने डोळे पुसत चालले होते. तिने फोन केला असता तर मी ‘राहू दे तीन दिवस’ म्हटलं असतं का? हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. म्हटलं असतं, असं छातीवर हात ठेवून मला आजही सांगता येत नाही. तिने मला माझ्यापेक्षा बरोबर ओळखलं होतं.

तिची फी आली ती माझ्या निवृत्तीच्या महिन्यात, त्या दिवाळीनंतर दुसऱ्यांदा कडुनिंब मोहरला होता तेव्हा. मुलांनी स्वतः येऊन सही करून कागद न्यायचे असतात. मी सहीचं रजिस्टर आणि तिची फाइल दोन्ही पिशवीत घातली आणि दुकान गाठलं. वाटेत कितीतरी वाक्यं जुळवली होती. माझं चुकलं, म्हणायचं होतं. अजून वेळ गेलेली नाही, असंही म्हणायचं होतं, जरी तिच्यामागून मुलांच्या आणखी दोन तुकड्या शिकून बाहेर पडल्या होत्या. प्रत्यक्षात मी फक्त फाइल गल्ल्याशेजारी ठेवली.

रेणुकाने हात ओढणीला पुसले. फाइल दोन्ही हातांनी उचलली, आतला पहिला कागद जरासा बाहेर काढून पाहिला आणि पुन्हा नीट आत सरकवला. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, अगदी साध्या आवाजात तिने विचारलं,

“किती वाजेपर्यंत परत आणू, मॅडम?”