वहिनींनी आखलेले डोळे

आमच्या गावात मी खरं बोलणारा माणूस म्हणून ओळखला जातो. सुनांना, नातवंडांना तसं सांगितलं जातं. हे नाव मला ज्या एका प्रसंगावरून पडलं, तो पाहिलेलं आता माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही. म्हणून तो जसा घडला तसा लिहून ठेवतो.

आमचा गणपतीचा कारखाना होता. कारखाना म्हणजे घराची पडवी आणि तिला लागून एक अंधारी खोली. पेणकडच्या खाडीकाठच्या गावांतून लोक श्रावणात आपापल्या घरचा पाट आमच्याकडे आणून ठेवत, वर विडा-सुपारी. त्या पाटावर त्यांचा गणपती बसायचा. एकदा पाट ज्याच्याकडे गेला, तो मग पिढ्यान् पिढ्या त्याच्याकडेच जायचा. दिलेला पाट परत नेणं म्हणजे चारचौघांत थोबाडीत मारण्यासारखं.

वडील मूर्ती घडवत, थोरला भाऊ रंग देई आणि डोळे आखी, मी शाडू मळत असे. १९२५च्या आसपास एका उन्हाळ्यात भाऊ तापाने गेला. चतुर्थी जवळ आली, वडिलांनी आणि मी मिळून मूर्ती रंगवल्या, आणि सगळ्या पांढऱ्या डोळ्यांनी भिंतीशी बसून राहिल्या. वडिलांनी कुंचला माझ्या हातात दिला. माझा गणपती एका डोळ्याने छपराकडे आणि दुसऱ्याने उंबऱ्याकडे बघू लागला. वडिलांनी ओल्या फडक्याने ते डोळे पुसले. पुन्हा काढले, पुन्हा पुसले.

वहिनी दाराआड उभ्या होत्या. भाऊ असताना त्या त्याला रंग घोटून देत, समई धरत. त्या हळूच म्हणाल्या, "मामंजी, मी बघू का?"

विधवेचा हात देवाच्या मूर्तीला! वडिलांनी पडवीबाहेर रस्त्यावर नजर टाकली. मग म्हणाले, "दार लोटून घ्या."

त्या दिवसापासून आखणी अंधाऱ्या खोलीत, समईपाशी होऊ लागली. वहिनी आधी विचारत, "यांचा देव कुठे बसतो? कोनाड्यात, की चौरंगावर?" मग मूर्तीसमोर त्या घरची माणसं बसतील तशा जमिनीवर बसत, मान वर करून बघत, आणि नजर तेवढीच खाली उतरवत. लोक मूर्ती घरी नेत, वरचं वस्त्र काढत, आणि देव थेट त्यांच्याकडेच बघत असे.

कौतुक करायला लोक पडवीत येत. "धाकट्याचा हात थोरल्याच्याही वर गेला हो!" वडील मान डोलवत. मी हसत असे. माणसं माझ्या पाठीवर थाप मारत होती, आणि ती थाप माझी नव्हती.

चोरून मी करवंट्यांवर डोळे काढायचा सराव करायचो. हळूहळू बरे जमू लागले होते. पण दाराच्या फटीतून वहिनींना बघितलं की करवंटी फेकून द्यावीशी वाटे. नवरा गेलेली, पांढऱ्या कपाळाची ती बाई कुंचला हातात आला की भूक विसरायची, आपण कोण हेही विसरायची. ओठ किंचित उघडे, श्वास धरलेला. एक रेघ पुरी झाली की स्वतःशीच हसायची. घरात तिला सुखाचं म्हणावं असं काहीच नव्हतं, तरी तिच्याजवळ ते होतं. माझ्याजवळ सगळं होतं, आणि तेवढंच नव्हतं. हातापेक्षा मला तिच्या त्या हसण्याचा हेवा वाटायचा.

तिसऱ्या वर्षी आतल्या गावचे एक शेतकरी काका मूर्ती बघायला आले. मोठ्या आवाजाचे, थट्टेखोर. बरोबर सोयरे होते.

"काय रं, आज आमच्या देखत डोले काढ. ह्यो पावना म्हनतो, एवढुसं पोर काय काढनार!"

वडील चटकन म्हणाले, "ते एकांतातलं काम हो. नजर लागते."

"देवाला नजर लागते व्हय? मंग आमी कुनाकं जावाचा?"

सगळे खो खो हसले. वडीलही हसले. काका तंबाखूची चंची काढत होते, विषय संपला होता. कोणी मला काही विचारत नव्हतं.

मी म्हणालो, "मी नाही काढत. वहिनी काढतात."

"कोन? थोरल्याची?" काकांनी चंची तशीच कमरेला खोचली. ते रागावले नाहीत. वडिलांना म्हणाले, "मूर्ती ऱ्हाऊंद्या. आमचा पाट तेवढा मोकला करून द्या."

दोन दिवसांत पडवीतली पाटांची रांग निम्म्यावर आली. वडील घरोघर फिरले, हात जोडले, यापुढे सून मूर्तीला शिवणार नाही असा शब्द दिला. लोक म्हणाले, "पोरगं खरं बोललं म्हणून कळलं तरी." बरेच पाट परत आले. नाव मात्र मला चिकटलं ते कायमचं.

वहिनींनी काढलेले डोळे मी पुसले आणि तिथे माझे काढले. एकही मूर्ती सोडली नाही. त्या मागच्या अंगणात माती मळायला बसल्या होत्या. मी पाणी घ्यायला गेलो तेव्हा वर न बघता म्हणाल्या, "भाऊजी, खोटं तर मामंजी बोलत होते. तुम्ही नुसतं गप्प राहायचं होतंत."

पुढे सात-आठ वर्षं त्यांनी शाडू कुटला, त्यात कापूस पिंजून घातला, मळला. माझा हात बसला. आमच्या मूर्ती मचव्यातून खाडीमार्गे मुंबईला जाऊ लागल्या. डोळ्यांना कोणी नावं ठेवली नाहीत. ते डोळे माणसांच्या डोक्यावरून कुठेतरी बघत, एवढंच.

वडील वारल्यावर पहिल्याच श्रावणात मी आमच्या घरचा गणपती वहिनींसमोर ठेवला आणि कुंचला पुढे केला. दार उघडंच ठेवलं. म्हटलं, "आता अडवणारं कोणी नाही. काढा."

त्या हात पुसून जमिनीवर बसल्या. मान वर करून खूप वेळ बघत राहिल्या. मग कुंचला टेकवला, आणि रेघ दोरीसारखी जाड उमटली. दुसरी त्याहून जाड. माती कुटून बोटांचे सांधे सुजले होते, बोटं कुंचल्याभोवती मिटत नव्हती. त्यांनी स्वतःच फडकं भिजवून रेघा पुसल्या.

"हात गेला, भाऊजी. तुम्हीच काढा."

मला वाईट वाटलं, हे खरं आहे. पण ते नंतर. त्याच्या आधी, ती दुसरी रेघ बघताना, मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

त्या उठून मागच्या अंगणात गेल्या. मी कुंचला धुतला आणि डोळे काढायला बसलो.