देवीचा कौल आणि मिशनची कात्री

भोरला आल्यावर मला पहिला धक्का दिला तो भातानं. आमच्या नगरकडे भात म्हणजे सणाचा, नाहीतर आजाऱ्याचा. इथं सकाळी भात, रात्री भात, आणि वर आग्रह, "घ्या की आणखी, मऊ झालाय." बाजरीच्या भाकरीसाठी मी अक्षरशः झुरले. मग शेजारणीनं नवा आंबेमोहोर दिला. तो शिजताना खोलीभर असा वास सुटला की माझा सगळा राग उतरला. माणसाचं मन पोटाच्या वाटेनं वळतं, हे मला कुठल्याही प्रवचनाआधी त्या तांदळानं शिकवलं.

संस्थानं अजून विलीन व्हायची होती, तेव्हाची ही गोष्ट. मिशनच्या दवाखान्यात मी सुईणपणाचं आणि जखमा बांधायचं शिक्षण नुकतंच संपवलं होतं. लग्न इतक्यात करायचं नव्हतं आणि गप्प बसायचा तर स्वभावच नव्हता. अशा मुलीला मिशनवाले कुठं पाठवणार? लांब. भोरात ओळखीचं कुणी नव्हतं, ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी. सोबतीला थोरल्या बाई दिल्या होत्या. पन्नाशी उलटलेल्या, विधवा, शुभवर्तमान सांगत गावोगाव हिंडलेल्या. माझी जीभ आवरायला त्यांना पाठवलंय, असं मला वाटायचं. पुढं कळलं, त्यांना खरंच तसं सांगितलेलं होतं.

नीरेच्या बाजूला आमच्या दोन खोल्या होत्या. सकाळी प्रार्थना, मग थोरल्या बाईंचा गूळ घातलेला चहा, मग खांद्याला पिशवी. पिशवीत हिवतापाचं कोयनेल, एरंडेल, टिंक्चर, डोळ्यांत घालायचं औषध आणि फडकी. कचेरीत नोकरी करणाऱ्यांच्या घरी मला बोलावणं यायचं, पण मागच्या दारानं. पाणी द्यायचं तर वरून ओतायचे. मला नाकाला मिरच्या झोंबायच्या. एकदा मी घरी येऊन पिशवी आपटली, तेव्हा थोरल्या बाई हसून म्हणाल्या, "अगं, मागचं दार म्हणजे स्वयंपाकघराचं दार. बायका तिथंच भेटतात. पुढच्या दाराला नुसते पुरुष आणि चपला." त्या दिवसापासून मी मागच्या दाराची वाट धरली ती मजेत. अपमान कमी झाला नाही, पण बायका खरंच तिथं भेटल्या. दुखणी सांगायच्या, सासवांच्या कागाळ्या करायच्या, लोणच्याची फोड द्यायच्या, तीही वरूनच.

संध्याकाळी आम्ही पेटी काढून गाणी म्हणायचो. आमच्या गीतांना अभंगाच्या चाली होत्या, त्यामुळं ओट्यावर बायका जमायच्या. एक म्हातारी म्हणाली होती, "चाल आमची, देव तुमचा. बसा की, कुठं बिघडतंय?" तिनं आमचा देव घेतला नाही, आणि गाणं एकही चुकवलं नाही. मला ते दिवस आवडत होते. खोटं का बोलू, मी घर सोडून आले होते तरी सुखात होते.

भाताची झोडणी उरकल्यावर, थंडीत, एक तरुण जोडपं बाजाराच्या निमित्तानं भोरला आलं. वेल्ह्याच्या वाटेवर मार्गासनी लागतं, त्याच्या पुढच्या एका वाडीतलं. बाई गरोदर होती, पाय सुजले होते. मी पाय पाहिले, नाडी पाहिली, आणि सहज विचारलं, "कितवं?"

"तिसरं. पयली दोन्ही सटवीनं न्हेली."

"कशी गेली?"

तिनं खाली बघतच सांगितलं. बाळ चांगलं रडायचं, दूध प्यायचं. मग एके सकाळी दूध तोंडात धरेना. जबडा मिटला, अंग लाकडावानी ताठ झालं. दोघांचंही तसंच. मला दवाखान्यातला, अशाच बाळांच्या खाटांचा कोपरा आठवला. हा धनुर्वात. "नाळ कशानं कापली?" मी विचारलं. "इळ्यानं," ती म्हणाली. त्याच विळ्यानं गोठ्यात गवत कापायचे, रानात भात कापायचे. नाळ कापणारी तिची सासू, सगळ्या वाडीची सुईण.

उचलली जीभ लावली टाळ्याला. मी तिथल्या तिथं म्हटलं, "या खेपेला मी येते." तिनं वर पाहिलं. त्या नजरेला नाही म्हणणं मला जमलं नसतं. पण तिच्या तोंडून एवढंच आलं, "आत्याबाईंना इचारावं लागंल."

आम्ही दोघी नसरापूरपर्यंत सर्व्हिसच्या मोटारीनं आणि पुढं बैलगाडीनं वाडीवर गेलो. सासू अंगणात तांदूळ पाखडत होती. काटक, दात पडलेली, डोळे तीक्ष्ण. मी माझं सगळं शिक्षण तिच्यापुढं मांडलं. तिनं सूप खाली ठेवलं नाही.

"ह्या वाडीतलं पोर न् पोर माज्या हातावर जल्मलंय. तुजं लगीन तरी झालंय का?"

"नाही."

"मंग?"

मी पिशवीतून मिशनची कात्री काढून दाखवली. तिकडं न बघताच ती म्हणाली, "देवीला कौल लावू. तिनं दिला तर ऱ्हा. न्हाई तर आल्या वाटंनं जा."

माझं डोकं फिरलं. एका जीवाचं जगणं-मरणं आणि ते फुलावर सोपवायचं! थोरल्या बाईंनी माझा दंड धरला. "आपण देवळात पाऊल टाकायचं नाही," त्या हळूच म्हणाल्या, "पण उंबराखाली बसायला काय हरकत आहे?"

देऊळ गावाबाहेर, अगदी लहान. उंबराखालून आतलं सगळं दिसत होतं. गुरवानं देवीच्या दोन्ही खांद्यांना एकेक ओलं फूल चिकटवलं. सवाल विचारायचा आणि वाट बघायची. उजवं पडलं तर होय, डावं पडलं तर नाही. सासूनं हात जोडले. "आये, ह्या परधर्माच्या बाईला बाळातपनाला हात लावू द्यावा का?"

मी डोळे मिटले. उजवं फूल पडू दे, अशी प्रभूकडे प्रार्थना केली. त्यांच्या देवीचं फूल आपल्या देवानं पाडावं, हे मागणं मांडताना माझे शब्द जरा अडखळलेच. डोळे उघडले तर डावं फूल खाली पडलेलं.

मी ताडकन उठले. काहीतरी बोलणार होते आणि ते बोलले असते तर आम्हाला त्या वाडीत पुन्हा कुणी उभं केलं नसतं. थोरल्या बाईंनी माझा पदर इतक्या जोरात ओढला की मी परत खाली बसले.

तेवढ्यात सून पुढं झाली. इतका वेळ ती बायकांच्या मागं उभी होती. "गुरवबाबा, माजा बी येक सवाल लावा."

"झाला की कौल," सासू म्हणाली.

"तुमी तुमचा सवाल इचारलासा, आत्याबाई. बाळ माजं हाय."

गुरवानं सासूकडं पाहिलं, सुनेच्या पोटाकडं पाहिलं, आणि पुन्हा फुलं लावली. कौल मागणाऱ्याला परत पाठवत नसत. ती देवीसमोर उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आये, ही बाई न्हाई आली, तर माजं लेकरू जगंल का?"

आता काय मागावं तेच मला कळेना. उजवं पडलं तर माझं इथं काही काम नाही. डावं पडलं तर त्याचा अर्थ काय, याचा विचारही करवत नव्हता. मी प्रार्थना सोडून नुसती फुलांकडे बघत बसले. बराच वेळ दोन्ही तशीच राहिली. मग डावं सुटलं.

सासूनं वळून सुनेचा हात घट्ट धरला. तिचा चेहरा पाहून मला माझ्या रागाची लाज वाटली. तो हट्ट नव्हता. ती आमच्यापेक्षा जास्त घाबरलेली होती.

आता दोन कौल झाले होते आणि दोन्ही मोडून चालणार नव्हतं. तोडगा गुरवानं काढला. "देवी म्हनली, बाईनं हात लावू नये. आन् देवी म्हनली, बाईबिगर लेकरू न्हाई जगायचं. मंग बाईनं जवळ बसावं, काय करायचं ते सांगावं. हात तुजा," तो सासूला म्हणाला. मला तेव्हा तो पोरखेळ वाटला. इतकं शिकून मी काय हाताची घडी घालून बसायचं? थोरल्या बाई म्हणाल्या, "बस. तुला जीभ दिलीय ना देवानं, ती कामी लाव."

दिवस भरले तेव्हा आम्ही पुन्हा वाडीवर मुक्कामाला गेलो. भल्या सकाळी कळा सुरू झाल्या. मी हाताची घडी घातली आणि बोलायला लागले. नखं काढा. म्हातारीला ते लागलं, पण काढली. साबणानं हात धुवा, कोपरापर्यंत, पुन्हा एकदा. कात्री आणि दोरा मी चुलीवरच्या भांड्यात टाकला. ती भांड्यात डोकावून म्हणाली, "कालवन करतीस का काय ह्याचं?" बाळंतीण कळांमध्येसुद्धा हसली. पण म्हातारीचे हात पाहिले आणि मी गप्प झाले. पोटावर हात ठेवून तिला बाळाचं डोकं कुठं आहे ते समजत होतं. माझ्याइतकंच, कदाचित जास्तच. दुपारी मुलगी झाली. रडली ती अशी की गोठ्यातली गाय हंबरली. म्हातारीनं उकळलेल्या कात्रीनं नाळ कापली.

पाचवीला संध्याकाळी पाटा मांडला. पाट्यावर विळा ठेवून सटवाईची पूजा करायची त्यांची रीत. म्हातारी माझ्याकडे आली. "इळा नगं. तुजी ती कात्री दे."

मिशनची कात्री सटवाईपुढं! मी थोरल्या बाईंकडे पाहिलं. आयुष्यभर मूर्तिपूजेविरुद्ध बोललेली बाई. त्यांनी पिशवीतून कात्री काढून माझ्या हातात ठेवली. "दे," त्या म्हणाल्या. "पण परत आली की पुन्हा उकळ." कात्री हळदीकुंकवानं माखून परत आली आणि मी निमूटपणे पुन्हा चुलीवर ठेवली.

त्यानंतरचे दिवस फार लांबले. आधीची दोन्ही बाळं ज्या सुमाराला गेली तो सुमार जवळ येत होता. रोज सकाळी म्हातारी उठल्या उठल्या बाळाच्या तोंडात करंगळी घालून बघायची, चोखतंय की नाही. मी ओसरीवरून तिच्या तोंडाकडे बघायची. मला हात लावायची बंदी होती, म्हणून माझा सगळा जीव तिच्या करंगळीत. ती मान हलवायची आणि मग आम्ही दोघी चुलीकडे वळायचो. तो दिवस आला, आणि गेला. बाळ करंगळी सोडेना. म्हातारी पहिल्यांदाच तोंडभर हसली. मी भिंतीकडे तोंड करून रडले. आनंदानं रडायची ती माझी पहिलीच वेळ.

त्यानंतर एका सकाळी म्हातारी अंगणात उन्हाला बसून बाळाला तेल लावत होती. सून आत निजली होती. ती खाली मान घालूनच म्हणाली, "बाई, खरं सांग. कात्री उकाळली म्हनून ही जगली?"

"व्हय, मावशी."

"आन् इळा उकाळला असता तर?"

प्रश्न कुठं चाललाय हे मला कळलं. परमेश्वराची इच्छा, असं म्हणायची आम्हाला सवय होती. कितीतरी घरी मी ते म्हटलं होतं. त्या वेळी ते माझ्या जिभेवर आलं आणि तिथंच थांबलं. या बाईनं मला खरं सांग म्हटलं होतं.

"तर ती दोघं बहुतेक जगली असती," मी म्हणाले.

तिचा हात थांबला नाही. पाय चोळले, पाठ चोळली. "म्हंजी सटवीनं न्हाई न्हेली," ती म्हणाली. मग बाळाला उताणं करून म्हणाली, "ह्या वाडीतली लई गेली तशी. समदी माज्याच हातची."

"मावशी, तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं."

"व्हय. न्हवतं सांगितलं."

ती रडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिला जवळ घेतलं असतं, दोन शब्द बोलले असते. ती नुसती तेल लावत राहिली आणि मी जवळ बसून राहिले. तेवढ्यात वरच्या आळीतला एकजण धावत आला. बायकोला कळा लागल्या होत्या, सुईणीला चला म्हणाला.

म्हातारी लगेच उठली. इकडंतिकडं पाहिलं. सून निजलेली, थोरल्या बाई पाण्याला गेलेल्या. तिनं बाळ सरळ माझ्या मांडीवर ठेवलं.

"आत्ती, कौल…" तो माणूस म्हणाला.

"देवीशी मी बोलंन," ती म्हणाली. "धर गं हिला नीट. मला कात्री उकाळायचीय."