हायवेवर उतरणारं विमान

कडावच्या आमच्या घरात, पडवीच्या भिंतीवर, देवांच्या तसबिरींखाली तीन लढाऊ विमानांची चित्रं आहेत. राफेल, टायफून आणि ग्रिपेन. लावली आमच्या ह्यांनी, धूळ पुसते मी. तिन्ही युरोपातली, तिन्हींचे पंख त्रिकोणी, पुढे आणखी दोन छोटे पंख आणि शेपटीवर एकच उभं पातं. मला कितीतरी वर्षं ती तिन्ही एकसारखीच दिसायची. तसं मी तोंडावर सांगायचे, की हे कपाळाला हात लावायचे.

हे कुंभिवलीला एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला होते. स्वतः विमानात कधी बसले नाहीत. पण आपल्याकडे राफेल आलं, आणि तेव्हापासून जेवताना आमच्याकडे दुसरा विषय निघेना. आमटी गार व्हायची. एकदा म्हणाले, "टायफून चार देशांनी मिळून केलं. फ्रान्सही आधी त्यांच्यातच होता. पण कसं विमान हवं यावर पटलं नाही. मग तो वेगळा निघाला आणि त्याने आपलं राफेल केलं."

"म्हंजे चूल वेगळी मांडली," मी म्हटलं. "घरोघरी मातीच्या चुली. त्यात नवीन काय नाय."

"नाय नव्हे. नाही म्हणावं."

हा धडा मला लग्न झाल्यापासून रोजचा. मी पोशीरची, भातशेतीच्या घरातली. माझ्या तोंडात हाय आणि नाय. ह्यांची आईही तसंच बोलायची, पण ऑफिसात साहेब लोकांत बसून ह्यांची जीभ सरळ झाली, आणि माझीही सरळ करायचा विडा ह्यांनी उचलला. लिहिताना मी नीट लिहिते. बोलताना मात्र मुद्दाम नाय म्हणायचे. सासरी आल्यावर माणसाने सगळंच का सोडायचं?

भात कापणीला आलं होतं तेव्हा ह्यांना झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. समजायचं सगळं, तोंडातून मात्र नुसता घशातला आवाज निघायचा. स्वतःलाच तो ऐकू आला की हे तोंड फिरवून घ्यायचे. पनवेलला बोलायला शिकवणारी डॉक्टरीणबाई होती, तिच्याकडे नेलं. ती म्हणाली, त्यांच्या आवडीचं बोलत राहा, आणि लवकर सुरुवात झाली तर बरं. ह्यांच्या आवडीचं म्हणजे भिंतीवरचं. मी मोबाइलवर विमानं बघायला बसले. आयुष्यभर ज्यांना नावं ठेवली, त्यांच्यापुढेच हात जोडायची वेळ आली.

आणि खरं सांगते, हळूहळू मला ती वेगळी दिसायला लागली. राफेलची हवा घ्यायची तोंडं दोन्ही काखांत असतात आणि छोटे पंख मोठ्या पंखांना अगदी चिकटून. टायफूनचं तोंड पोटाखाली, छोटे पंख पार पुढे, नाकाजवळ. दोघांना दोन दोन इंजिनं. टायफून मुळात आकाशातल्या लढाईसाठी केलेलं, उंचावर आणि वेगात त्याचा हात धरणारी थोडी. जमिनीवरच्या माऱ्याचं काम त्याला नंतर शिकवलं. राफेलला पहिल्यापासून सगळीच कामं लावलेली, समुद्रातल्या जहाजावरूनही उडायचं. घरच्या सुनेसारखं. स्वीडनचं ग्रिपेन लहानखुरं, एका इंजिनाचं, खर्चाला हलकं. साध्या रस्त्यावर उतरतं, चार माणसं तेल आणि दारूगोळा भरतात, की पुन्हा उडायला मोकळं.

हे सगळं मी ह्यांना वाचून दाखवायचे. विचारलं तर हे डाव्या हाताने बरोबर चित्र दाखवायचे. पण बोलणं नाही. एकदा तर ताटातला चमचाच भिरकावला. मी मोरीत जाऊन रडले आणि डोळे धुऊन परत आले. हा माणूस आता माझ्याशी कधीच बोलणार नाही, ही भीती मला खायला उठायची.

दिवाळी झाल्यावर माझ्या थोरल्या जाऊबाई बघायला आल्या. पडवीतल्या ह्यांच्या खाटेशी बसून, ह्यांच्यादेखत म्हणाल्या, "आता काय बोलतान ते! तू आपली मनाची तयारी कर गं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणूस ऐकतोय, समजतोय, आणि ही त्याला जिता असून मोडीत काढते. मोठ्या जाऊला उलट बोलायचं नसतं. म्हणून मी म्हटलं, "ताई, बसा. तुमाला इमानं दाखवते." आणि ठणठणीत आवाजात सुरू झाले. हे राफेल, हे टायफून, तोंड कुठे, पंख कुठे. रागाच्या भरात बोट टायफूनवरच राहिलं आणि मी म्हटलं, "आणि येळ पडली तं हे साध्या रस्त्यावर पण उतरतंय. आपल्या कुंभिवलीच्या हायवेवर सुदा!"

"नाय."

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मग दोघींनी खाटेकडे.

"नाय गं," हे म्हणाले. चिडले होते. डावं बोट शेवटच्या चित्राकडे होतं. "ग्रि... ग्रि..." पुढचं काही निघालं नाही.

मी खाटेच्या कडेला बसले. हसू येत होतं आणि रडूही. म्हटलं, "अहो, नाय नव्हे. नाही म्हणावं."

हे वाकड्या तोंडाने हसले. पुन्हा म्हणाले, "नाय."

आता हे थोडंफार बोलतात. अडखळत, शब्द शोधत, आणि सगळं हाय-नाय करून, आपल्या आईसारखं. डॉक्टरीणबाई म्हणते, सराव सोडू नका. म्हणून रोज सकाळी चहाचा कप हातात देताना मी टायफून कुंभिवलीच्या हायवेवर उतरवते, आणि हे माझ्यावर ओरडतात.