गाव नको, विहीर नको

सिनेमाला गेलं की माझी आई दाराजवळची खुर्ची धरते. पर्स खांद्यालाच अडकवलेली असते. सिनेमा आमच्या माणसांवरचा असला तर हमखास. गावाबाहेरची वस्ती दिसली, पाटलाची जीप धुरळा उडवत आली, की ती उठते आणि सरळ घरी जाते. कोणाला काही सांगत नाही, तोंड वाकडं करत नाही. आपण घरी पोचावं तर ती गवार मोडत बसलेली असते.

तिनं गाव का सोडलं हे मला तिनं कधी सांगितलेलं नाही. आमच्या येरवड्याच्या घरात मामाचा फोटो आहे. त्यात तो विशीतला आहे, पुढचा फोटोच नाही. मी त्यातून काय समजायचं ते समजले आहे आणि विचारायचं सोडून दिलं आहे.

मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करते. चार तासांच्या रडारडीतून आणि जेवणावळीतून वीस मिनिटांचं असं काही काढते की नवऱ्याच्या आत्यालाही तक्रारीला जागा उरत नाही. धंदा चांगला चालतो आणि मला तो उत्तम येतो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. तेव्हाही वाटत नव्हती. फक्त एक सिनेमा स्वतःचा करायचा होता, आणि त्याला कारण झाली आईच.

डेक्कनवरच्या एका फिल्म क्लबात अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी स्वतःच्या खिशातून केलेले छोटे सिनेमे दाखवत होते. नटांच्या जागी शेजारीपाजारी, लाइटच्या जागी खिडकी, असा सगळा मामला. मी आईला बळंच घेऊन गेले. ती दाराजवळ बसली. पडद्यावर एका स्वयंपाकघरात तीन बायका एकमेकींचे केस विंचरत भांडत होत्या. भांडण कशावरून ते मलाही नीट कळेना, इंग्रजी भलतंच भरभर होतं. तास होत आला तरी आई बसलेली. दिवे लागले तरी बसलेली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "कळलं का काही?"

"त्यात कळायचं काय? घरातली भांडणं हायत," ती म्हणाली. मग पर्स सावरत बसस्टॉपकडे निघाली. बस आली तेव्हा म्हणाली, "असला आपला न्हाई का गं एखादा?"

नव्हता. मला तरी माहीत नव्हता. तिला शेवटपर्यंत बसवेल असा एक सिनेमा आपण करायचा, हे मी त्याच बसमध्ये ठरवलं. बाकी कोणी बघो न बघो.

कॅमेरा माझा होता, आवाजाचं बघायला एक मैत्रीण होती, लग्नसराईची कमाई होती. नव्हती ती गोष्ट. मला लिहिता येत नाही, मला कापता येतं. म्हणून मी कॉलेजांतून, नाटकवाल्यांच्या ग्रुपवर, मिळेल तिथे निरोप टाकला: आपल्या माणसांची गोष्ट हवी, पात्रं थोडी, घरं दोन, शूटिंग दिवसाउजेडी.

पटकथा धो धो आल्या. पहिलीत विहिरीवर मारहाण होती. दुसरीत विहिरीत प्रेत. तिसरीत विहीर नव्हती म्हणून मी आशेनं वाचत गेले, तर नदी निघाली. लिहिणारे वाईट नव्हते. काही तर इतकं चांगलं लिहीत होते की मी ती पानं पुन्हा वाचली. पण प्रत्येक वेळी शेवटच्या पानावर मला आई उठून जाताना दिसायची.

मग मी निरोप बदलला. गाव नको, विहीर नको, आणि गोष्टीत कोणीही मरणार नाही.

त्यावर पेठेतल्या एका नाट्यलेखकाचा फोन आला. फार आदबशीर गृहस्थ. म्हणाले, "अहो, मग आपण त्यात दाखवणार काय?"

"माणसं," मी म्हटलं.

"ती आम्ही रोज बघतोच की," ते म्हणाले. त्यांनी फोन ठेवला आणि माझ्या वाट्याला एक पुणेरी दुपार आली. मी ती कपड्यांना इस्त्री करण्यात घालवली.

त्यांचं मला फार लागलं नाही. लागलं ते चळवळीतल्या एका काकांचं. उभं आयुष्य मोर्चांत घालवलेला माणूस. समाजमंदिराच्या पायरीवर मला थांबवून म्हणाले, "पोरी, आपल्यावर झालेलं झाकून कुणाची मर्जी राखायचीय तुला?"

मला राग आला, कारण त्यांचं खोटं नव्हतं. मी म्हटलं, "काका, ते सिनेमे तुम्ही करा. पहिल्या रांगेत बसून बघीन. पण ज्यांच्यावर झालं त्यांनी पैसे देऊन पुन्हा का बघायचं? मला माझ्या आईला खुर्चीत बसवायचंय." ते पायरीवरून बाजूला झाले. पटलं म्हणून नाही, माझा आवाज चढला होता म्हणून.

सगळ्या लिखाणात एका मुलाचे संवाद मला आवडले होते. शहराच्या कडेच्या मांजरी भागात एका नव्या सोसायटीत राहणारा, आयटीत नोकरी करणारा, आमच्यातलाच. मी त्याला घरी बोलावलं. त्याच्याही पटकथेत गाव, पाटील आणि जीप होती.

"तू गावात किती वर्षं राहिलास?" मी विचारलं.

"उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचो," तो म्हणाला. "आजीकडे."

"मग तुझ्या सोसायटीचं का नाही लिहीत? पार्किंगचं?"

त्यानं हातातली पटकथा मिटली. "ताई, आपल्याकडून तेच मागतात ना. दुसरं दिलं तर म्हणतात, यात तुमचं काय आहे."

आमचं हे चाललेलं असताना घरात बायका शिरल्या. एप्रिलमधली जयंती जवळ आली होती, आणि दरवर्षी आमच्या महिला मंडळाच्या बायका मिरवणुकीसाठी एकसारख्या पांढऱ्या साड्या घेतात. त्यांच्या बैठका आमच्याकडे होतात. यंदा बारीक निळा काठ ठरला होता, दुकान ठरलं होतं, सगळ्या मिळून जाऊन घेऊनही आल्या होत्या. फक्त एकीची त्या दिवशी हॉस्पिटलात ड्यूटी होती. ती आया म्हणून काम करते. तिनं मागाहून एकटीनं जाऊन आणली होती, आणि ती साडी आता आमच्या पलंगावर उघडी पडली होती.

"ही पांढरी न्हाई," अध्यक्षबाई म्हणाल्या. "ही मोतिया हाय."

"दुकानदारानं पांढरीच म्हणून दिली."

"त्याला काय जातंय म्हणायला? लाइनीत उभी ऱ्हायलीस की वेगळी दिसशील."

"मागल्या साली तुमच्या साडीतनं परकर दिसत व्हता, तवा कोन बोललं का?"

इथून पुढे जे झालं ते मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे, म्हणून मी चहा ठेवायला उठले. परत आले तर तो मुलगा पटकथा बाजूला ठेवून, तोंडावर हात दाबून हसत होता. मला एकदम बसस्टॉपवर 'असला आपला' म्हणणारी आई आठवली.

"हे लिही," मी त्याला म्हटलं.

"यात काय आहे, ताई?" तो म्हणाला. मग आपण काय बोललो ते त्याच्याच ध्यानात आलं आणि तो गुपचूप चहा पिऊ लागला.

त्यानं लिहिलं आणि झकास लिहिलं. ती मोतिया साडी घेऊन बिचारी घरोघर जाते, प्रत्येकीला विचारते, आणि प्रत्येक घरात साडीचा निकाल सोडून दुसरंच भांडण निघतं. मी हसत हसत शेवटच्या पानावर आले. शेवटच्या पानावर ती बाई तीच साडी नेसून मेली होती.

मी फोन लावला. "मारलीस ना?"

"मला वाटलं, शेवट जरा हलका होतोय."

"होऊ दे हलका. जिवंत कर तिला."

त्यानं केली. शेवट त्यानं नव्यानं लिहिला. ती बाई आपली साडी घेऊन गच्चीवर जाते आणि उन्हात दोरीवर टाकते. मग रागारागानं सगळ्याजणी आपापली साडी आणून शेजारी टाकतात, रंग दाखवायला. नव्या साड्या, पण पहिल्याच धुण्यात एकीनं नीळ जास्त घातलेली, एकीची पिवळट झालेली. एकीचाही पांढरा दुसरीच्या पांढऱ्याशी जुळत नाही, आणि मग गच्चीवर खरं भांडण सुरू होतं. कामं मंडळाच्या बायकांनीच केली; उजेड फुकटचा होता, साड्या त्यांच्याच होत्या. बायकांना संवाद पाठ करायला लावण्याची गरजच पडली नाही, थांबवण्याची मात्र पडली.

आईला मी काम करायला सांगितलं तर ती म्हणाली, "मी बघनार." शूटिंगला ती फिरकलीही नाही. फक्त एकदा भाकरी थापताना तिनं विचारलं, "शेवटाला कुनाला काय हुतंय का?" मी म्हटलं, "बघ की." चांगला आहे असं सांगून मी तिला आधी दोनतीनदा नेलं होतं, त्यामुळे माझ्या सांगण्याला काही किंमत नव्हती.

पहिला खेळ समाजमंदिराच्या हॉलमध्ये लावला. आई दाराजवळ, पर्स खांद्याला. काका पहिल्या रांगेत हाताची घडी घालून. वस्तीतल्या पाचसहा म्हाताऱ्यांनी खुर्च्या लावायला मदत केली, पण आत काही येईनात. बाहेर पायऱ्यांवरच बसल्या. आपल्यावरचा पिक्चर म्हणजे काय असतं ते त्यांना पुरतं माहीत होतं.

सिनेमा सुरू झाला. हशा होता, चांगला होता. काकांनी एका जागी मोठ्यानं सांगितलं की साडी मोतियाच आहे. मी पडद्याकडे बघतच नव्हते, आईकडे बघत होते. ती हसत नव्हती. ती वाट बघत होती.

मग गच्ची आली. ती बाई एकटी वर येते, हातात साडी, आणि कठड्याशी क्षणभर उभी राहून खाली बघते. हा शॉट मी दहादा तरी कापला-जोडला होता आणि मला त्यात ऊन तेवढं दिसलं होतं. त्या संध्याकाळी मी तो आईच्या डोळ्यांनी पाहिला. एकटी बाई, गच्ची, हातात लांब कापड. आई उठली.

मीही खुर्चीतून उठले. ओरडून सांगावंसं वाटलं, थांब, अजून सिनेमा बाकी आहे. ती दारापर्यंत पोचलीसुद्धा. तेवढ्यात पडद्यावरच्या बाईनं साडी झटकून दोरीवर टाकली, चिमटे लावले आणि जिन्याच्या दिशेनं अध्यक्षबाईंना अशी काही हाक मारली की हॉल हसून फुटला. आई दारातच वळली. साड्या एकामागून एक दोरीवर येत गेल्या. भांडण पेटलं. ती दाराच्या चौकटीला टेकून बघत राहिली, आणि मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती.

मग ती बाहेर गेली. मी मागोमाग धावले. ती पायरीवर उभी होती, त्या म्हाताऱ्यांच्या समोर, आणि हातानं त्यांना घाईघाईनं उठवत होती.

"आत या गं," ती म्हणत होती, "उठा, लवकर या. ह्यात कुनी मरत न्हाई."