कणसरीच्या आधीचा घास

"तोंड उघड," ठेकेदार म्हणाला.

वळ गावातल्या गोदामात, पॅकिंगच्या टेबलापाशी, सगळ्या बायकांसमोर. त्याच्या हातात भाताचा घास होता.

अंजूर गावात त्याची थोडी शेती उरली आहे. कापणी झाली की पहिल्या तांदळाचा टोप भरून भात आणतो, सगळ्यांना वाढतो. मला वासावरूनच कळलं, तांदूळ नवा आहे. आम्ही आदिवासी. कणसरी ही आमची धान्याची देवी. तिला दाखवल्याशिवाय नवं धान्य तोंडात घालत नाही. पाड्यावर तिची पूजा अजून व्हायची होती. मी तेवढंच सांगितलं आणि ताट सरकवलं.

"जंगलात कसला गो देव?" तो म्हणाला. "माझा भात बाटका हाय का?"

बायका हसल्या. त्याच्या घरी गणपतीला नैवेद्य दाखवल्याशिवाय कुणी मोदकाला हात लावत नसेल. पण तो देव. आमचं ते जंगल.

मी तोंड उघडलं. त्याने घास कोंबला. मी गिळला. चव लागली नाही. मग संध्याकाळपर्यंत खोक्यांना टेप लावत राहिले. रडूही आलं नाही.

पूजेला पाड्यावर गेले. सगळ्यांच्या हातावर नवा भात पडत होता. माझी पाळी आली तेव्हा मी हात मागे घेतला आणि आईला सांगून टाकलं. ती ओरडली नाही.

"भूक लागली व्हती का?" तिने विचारलं.

"नाय."

"मंग?"

उपाशी माणसाला कणसरी माफ करते. मी भ्याले होते. नोकरी जाईल म्हणून भ्याले, त्या हसण्याला भ्याले. याची लाज मला त्या घासापेक्षा जास्त वाटली.

वर्ष गेलं. आज दुपारी तो पुन्हा टोप घेऊन आला. मी कामतघरच्या माझ्या भाड्याच्या खोलीतून आणलेला डबा उघडला. जुन्या नाचणीची भाकरी, मिरचीचा ठेचा. टेबलापाशी शेजारी बसणारी म्हणाली, कशाला हात दाखवून अवलक्षण करतेस. तो घास घेऊन समोर उभा राहिला.

"पूजा नाय झाली," मी म्हटलं. "नाय खानार."

या वेळी कुणी हसलं नाही. उद्यापासून येऊ नकोस, तो म्हणाला.

उद्या मी येणार आहे. गेटवर अडवलं तर गेटवर बसेन, डबा घेऊन. कदाचित काम जाईल. चूल थंड पडेल.

आता भूक लागली तरी तो घास खाणार नाही.