देवाला सूर कळतो का?

देवावर माझा विश्वास होता, पण त्या आठवड्यात देवाच्या कानांवरचा उडाला होता. धंतोलीतल्या एका दवाखान्यात माझी पत्नी अर्धांगवायूने पडली होती. जन्मभर शाळेत मराठी शिकवलेल्या बाईची वाचाच गेली. डॉक्टर म्हणाले, शब्द परत येतील, कदाचित येणारही नाहीत. ती नुसती माझ्याकडे बघायची आणि मला रडू आवरायचं नाही.

मी अनेक वर्षं गाणं शिकलोय. रोज सकाळी तिच्या कानाशी, स्वर सांभाळून, भजन म्हणायचो. तिची पापणीही हलत नसे. आणि शेजारच्या खाटेपाशी पारशिवनीकडचे एक भाऊ बसत. खाटेवर त्यांची म्हातारी आई. ते गावच्या खंजिरी भजनात गात. इथे खंजिरी चालत नाही म्हणून जेवणाच्या डब्याच्या झाकणावर ठेका धरत आणि स्वतः रचलेलं भजन म्हणत, "देवा, मले तुह्या पायी ठेव." चाल सिनेमातली, थाट वरातीचा आणि सूर कुणाचाच नाही. तेही दिवसातून दहा वेळा! माझं डोकं उठायचं.

चौथ्या दिवशी मी तडकलोच. "अहो भाऊ, हे भजन आहे की वरात? देवाची तरी लाज ठेवा!"

ते ओशाळले. "चुकलं काकाजी. पण मायले हेच लागते. मी गाऊन राहिलो का मंगच ती दोन घास खाते." झाकण बाजूला ठेवून त्यांनी आवाज बारीक केला, पण थांबले नाहीत. आईच्या तोंडाशी चमचा नेत पुन्हा तीच ओळ. "देवा, मले..."

"म... ला."

मी वळलो. माझी पत्नी कपाळाला आठ्या घालून त्यांच्याकडे बघत होती. "मला," ती पुन्हा म्हणाली. जीभ जड होती, पण शब्द स्पष्ट. मग झाकण उचलून मीच त्यांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "गा हो. थांबू नका."

खरं सांगतो, आनंदाबरोबर मला रागही आला. साधना माझी, आणि देवाने निवडलं काय, तर ते झाकण! राग निवळायला बरेच दिवस लागले. मग कबूल करावं लागलं की तिच्या कानाशी गातानाही माझं अर्धं लक्ष माझ्याच स्वरांकडे असायचं. भाऊंचं सगळं लक्ष आईच्या घासाकडे होतं. त्यांचं गाणं मला आजही आवडत नाही. पण देवाने कुणाच्या गळ्यातून यावं हे ठरवणारा मी कोण? त्याचे उपकार मानतो आणि गप्प बसतो.

महिन्याभराने भाऊंनी आईला दवाखान्यात तपासायला आणलं तेव्हा ते आमच्या घरीही आले. पत्नीने त्यांना खुणेनेच गायला सांगितलं. मास्तरीणबाईंपुढे चूक नको म्हणून त्यांनी जपून सुरुवात केली, "देवा, मला..."

पत्नीने हात वर करून थांबवलं. एकेक शब्द जुळवत म्हणाली, "मला... नाही. मले. तुमचं... तेच आहे."

भाऊंनी डोळे पुसले आणि मोकळ्या गळ्याने सुरू झाले, नेहमीसारखेच बेसूर. मी त्यांच्यामागे ओळ धरली, त्यांच्याच सुरात.